ताईच्या सोफ्याची डावी सीट

हा ग्रुप मी दोन वर्षं नुसता वाचतोय. स्वतः कधी लिहिलं नाही, कारण खरं सांगायचं तर इथले निम्मे भुताखेतांचे अनुभव मी बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. रागावू नका. अठ्ठावीस वर्षं मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. मशीनमधून विचित्र आवाज आला की ऑपरेटर नारळ फोडायचं म्हणायचे, आम्ही बेअरिंग बदलायचो. आवाज बंद व्हायचा. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते आत कुठेतरी असतं आणि उघडून बघितलं की सापडतं… एवढाच माझा धर्म.

यावेळीही मी उघडून बघितलं. कारण सापडलंसुद्धा. पुढे जे झालं ते मात्र अजून कळलेलं नाही.

माझी मोठी बहीण, शैलाताई, ठाण्यात माजिवड्याला राहते. मोठं कॉम्प्लेक्स आहे, चौदावा मजला. घरात ती, भाऊजी आणि भाऊजींची आई, म्हणजे माई. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. माई गेल्या वर्षी गेल्या, ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. नंतर काही महिन्यांनी भाऊजींनी हॉल नव्याने करून घ्यायचं ठरवलं आणि ताईचा मला फोन आला, "नंदू, सोफा हवाय का रे तुला? सागवानी आहे, फेकवत नाही. फक्त एक सीट बसलीये."

हा सोफा त्यांनी टेंभी नाक्याच्या जुन्या घरात असताना करून घेतलेला. तीन जणांचा, जाड पायांचा, मेंदी रंगाचं कापड. मला असल्या कामांचा नाद. व्हीआरएस घेतल्यापासून आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या लोकांचे मिक्सर मीच उघडलेत. मी लगेच हो म्हटलं आणि एका शनिवारी टेम्पोतून सोफा डोंबिवलीला, टिळकनगरला आमच्या घरी आणला.

बसलेली सीट म्हणजे समोरून बघितलं तर डावीकडची, कोपऱ्यातली. तीच माईंची जागा.

माईंबद्दल थोडं सांगावं लागेल. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होत्या. ताठ कण्याच्या, फटकळ. शेवटची दोन-अडीच वर्षं त्यांना विसर पडायला लागला. एकदा गॅस तसाच चालू ठेवला. एकदा लिफ्टने एकट्या खाली उतरल्या आणि माजिवडा नाक्याच्या पुलाखाली सापडल्या, अनवाणी, हातात खडू. "शाळेला उशीर होतोय," असं म्हणत होत्या. त्यानंतर त्या दिवसभर सोफ्याच्या त्या कोपऱ्यात बसलेल्या असायच्या. समोर टीव्ही चालू. मी भाऊबीजेला, गणपतीत जायचो तेव्हा बघायचो. त्या सीटमध्ये इतक्या खोल गेलेल्या असायच्या की गुडघे छातीशी आलेले. कोणी जवळून गेलं की मनगट पकडायच्या. "अरे, जरा हात दे. मला उठायचंय."

ताई कितीही कामात असली तरी कणीक भरल्या हातांनी यायची, त्यांच्या काखेत हात घालून उठवायची, बाथरूमपर्यंत न्यायची, परत आणून बसवायची. दिवसातून वीस वेळा. तिची पाठ त्यातच गेली.

माझंही मनगट त्यांनी एकदा धरलेलं. मी ताटावर बसायच्या घाईत होतो. म्हटलं, "बसा हो माई, कुठे जायचंय तुम्हाला एवढं? कलेक्टर वाट बघतोय का?" सगळे हसले. माईसुद्धा हसल्या… मग हात सोडला. आपण विनोद केला असंच मला तेव्हा वाटलेलं.

असो.

त्याच शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी सोफा उलटा केला. ज्यांनी कधी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सीटच्या फोमखाली लाकडी चौकट असते आणि तिच्यावर इलॅस्टिकचे रुंद पट्टे, खाटेची नवार विणावी तसे आडवे-उभे ताणून ठोकलेले असतात. सगळा भार त्या पट्ट्यांवर. वर्षानुवर्षं बसून बसून त्यांची ताकद जाते, मग सीट खाली जाते. सर्वात खालून काळं पातळ कापड पिनांनी बंद केलेलं असतं, आतलं दिसू नये म्हणून.

डाव्या सीटखालच्या कापडाच्या पिना बघूनच मला काहीतरी वेगळं वाटलं. बाकी दोन सीटच्या पिना गंजून तांबूस झालेल्या. इथल्या चकचकीत, बारीक, ऑफिसच्या स्टेपलरच्या असतात तशा. कोणीतरी कापड काढून परत लावलेलं होतं.

कापड उचललं. मागून पुढे जाणारे सात पट्टे होते. त्यातले पाच मधोमध कापलेले.

झिजलेला पट्टा कसा तुटतो ते मला माहीत आहे. धागे निघतात, रबराची भुकटी होते. उंदराने कुरतडला तर कडा वेड्यावाकड्या होतात. हे सरळ रेषेत होतं, पट्टी ठेवून ब्लेड मारावं तसं. दोन पट्टे आणि आडवे तेवढे सोडलेले… म्हणजे माणूस खाली पडणार नाही, फक्त आत जाईल. आणि म्हातारं माणूस एकदा तेवढं आत गेलं की स्वतःहून वर येत नाही.

सुनीता, माझी बायको, शेजारी मेथी निवडत बसलेली. मी तिला दाखवलं. तिने पट्ट्याचं टोक बोटात धरून बघितलं, मग ठेवून दिलं.

"माई इथेच बसायच्या ना हो?"

कापलेले पट्टे काढून एका पिशवीत भरून ठेवले. का ठेवले, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो, चांगल्यातले नवे पट्टे आणि कडक फोम आणला. पट्टे लाकडाच्या ठोकळ्याने ताणून ताणून ठोकले. बोटाने वाजवलं तर ढोलकीसारखा आवाज. फोम घातला, कापड चढवलं, सोफा सरळ केला. मी सवयीने माप घेतो. जमिनीपासून सीटची उंची अठरा इंच, तिन्ही सीट सारख्या.

सोमवारी सकाळी दूध घेऊन आलो तर डावी सीट बसलेली. तेरा इंच.

म्हटलं, पट्टे फसवे निघाले. उलटा करून बघितलं तर एकही पिन निघालेली नाही, पट्टे जिथल्या तिथे, फक्त सैल झालेले. मग इलॅस्टिकचा नादच सोडला आणि खाटेची सुती नवार दुहेरी करून ठोकली, जी ताणली जातच नाही. दुपारी आम्ही दोघं गावदेवीच्या देवळात जाऊन आलो. आलो तर परत तेरा.

मंगळवारी मी हट्टाला पेटलो. नवारीच्या वर अठरा एमएमचा प्लाय टाकला, चारही बाजूंनी स्क्रू मारले. त्याच्यावर मी उभा राहिलो, उडी मारली. हललासुद्धा नाही. संध्याकाळी माप घेतलं… तेरा इंच. फोम काढला. प्लाय सरळ. त्याच्यावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला, कुठूनही उजेड येईना. एका केसाचाही बाक नाही. फोम नुसता जमिनीवर ठेवून मोजला, जाडी बरोबर होती. परत सगळं जागच्या जागी ठेवलं आणि मोजलं. तेरा. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं, सीटच्या मध्ये खळगा, बारीक अंगाचं माणूस बसून उठल्यावर राहतो तसा.

ही बेरीज माझ्याच्याने आजपर्यंत जमलेली नाही. मी इथे कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये. अठरा आणि तेरा, दोन्ही मापं मी स्वतः घेतलेली आहेत.

बुधवारी दुपारी मी बेडरूममध्ये होतो. हॉलमधून सुनीताची हाक आली. "अहो… इकडे या." आवाज नेहमीचा नव्हता. बाहेर आलो तर ती त्या सीटवर. मांडीवर कपड्यांच्या घड्या, आणि रडवेली.

"काय झालं?"

"मला उठता येत नाहीये."

मी हात दिला, ती झटकन उठली. जशी रोज उठते तशी. मी विचारलं, कोणी धरलं होतं का, पाय जड झाले का, चक्कर आली का. ती नाही नाही म्हणत राहिली.

"धरलं नव्हतं कोणी. पाय पण हलत होते. पण उठायचं कसं तेच आठवेना हो. आधी काय करतो आपण, पुढे वाकतो की हात टेकतो… काहीच आठवेना."

मी लगेच स्वतः बसून बघितलं. एकदा नाही, आठ-दहा वेळा. मला काहीच झालं नाही. सुनीता म्हणाली, भंगारवाल्याला बोलवा आणि आजच्या आज घालवा.

ऐकायला हवं होतं मी. पण माझ्या डोक्यात सीटपेक्षा ते पट्टे बसलेले. घरात माणसं तीन. माई स्वतः कापणार नाहीत. भाऊजी रिटायर होईपर्यंत दिवसभर बँकेत, घरी आले की पेपर. माईंचं सगळं करणारी एकटी ताई. मी ठरवून टाकलं. माझ्या बहिणीने, जिने मला लहानपणी कडेवर फिरवलं, तिने एका म्हाताऱ्या बाईखालचे पट्टे कापले… त्रास वाचावा म्हणून. मला ताईची इतकी किळस आली की दोन दिवस मी तिचा फोन उचलला नाही.

शुक्रवारी ती आपणहून आली. डोंबिवलीत काही काम होतं, जाता जाता डोकावली. हातात अळूवड्यांचा डबा. "बघू तरी कसा दिसतो तुमच्याकडे," म्हणत हॉलमध्ये आली. मी पिशवी आणली आणि पट्टे टीपॉयवर टाकले.

"हे काय आहे, ताई?"

"काय आहे?"

"माईंच्या सीटखालचे पट्टे. ब्लेडने कापलेत."

तिने एक पट्टा उचलला. उलटापालटा केला. मग बाकीचे उचलले, त्यांना लागून आलेल्या त्या बारीक पिना बघितल्या, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मी नाही रे, नंदू."

"मग कोणी? घरात होतंच कोण?"

ती तोंड उघडून काहीतरी बोलणार होती. आणि बोलली नाही. पट्टे हातात घेऊन नुसती उभी. तिचं ते गप्प राहणं म्हणजेच कबुली, असं मी धरून चाललो. मग माझा तोल गेला. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. म्हातारी मनगट धरायची आणि तू पुण्य कमावल्यासारखी तिला उठवायचीस, असं बोललो. तुझी पोरगी तुझ्याखालचे पट्टे कापेल, असंही बोललो.

"अहो, पुरे," सुनीता म्हणाली.

"नाही, बसू दे तिला. ताई, बस तिथे. बसून बघ कसं वाटतं ते."

"अहो, काय करताय? त्या सीटवर नको…" सुनीताने माझा दंड धरला. कारण आम्हाला दोघांना माहीत होतं ती सीट काय आहे. ताईला माहीत नव्हतं. मला माहीत असूनही मी तिला बस म्हटलं, हे तुम्ही नीट वाचा, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

ताई बसली. पदर नीट करून, माईंच्या कोपऱ्यात. सीट तिच्याखाली आत गेली आणि तिचे गुडघे वर आले. आधी ती नुसती रडत होती. मग तिने उठायचा प्रयत्न केला. तिचे हात सीटवर, मग हँडलवर, मग परत सीटवर. एखाद्या परक्या घरात दिव्याचं बटण शोधावं तसे.

"नंदू…"

"ऊठ ना. कोणी धरलंय?"

"मला येत नाहीये रे."

मी हाताची घडी घालून समोर उभा होतो. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. मी तिला सतरा मिनिटं तसं बसवून ठेवलं. शेवटी सुनीताने मला बाजूला ढकललं आणि तिला हात दिला. ताई उठली. पर्स घेतली, चपला घातल्या. डबा तिथेच राहिला. जिन्यात वळली तेव्हा ती भिंतीला धरून उतरत होती.

आठ दिवसांनी भाऊजींचा फोन. "अरे, तुझ्या बहिणीचं काहीतरी विचित्र झालंय."

ताईला कुठूनच उठता येईना. नव्या सोफ्यावरून नाही, डायनिंगच्या खुर्चीवरून नाही, रिक्षातून नाही. उभी असली की एकदम ठीक. चालते, स्वयंपाक करते, कॉम्प्लेक्सच्या आवारात फेऱ्या मारते. पण एकदा बसली की कोणीतरी हात दिल्याशिवाय उठत नाही. सकाळी अंथरुणात कशीबशी कडेला येऊन बसते आणि तिथेच अडकते. ठाण्यातले हाडांचे डॉक्टर झाले, मेंदूचे झाले. एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने गुडघे वाकवून, ताकद मोजून बघितली. म्हणाली, काकू, तुमचे पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी झोप येते, बाकी काही नाही.

मग ताईने बसणंच सोडलं. ओट्याशी उभी राहून जेवते. टीव्ही उभ्याने बघते. एक पाय दुखला की दुसऱ्यावर भार.

मी भेटायला जायला पंधरा दिवस लावले. कुठल्या तोंडाने जायचं? एका दुपारी शेवटी गेलो. ताई स्वयंपाकघरात होती. भाऊजी नव्या सोफ्यावर पेपर वाचत होते. मी त्यांना हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. पट्टे, सीट, सतरा मिनिटं, सगळं. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढणार.

भाऊजींनी चष्मा काढला. "पट्टे होय? ते मी कापले होते."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"अरे, डॉक्टर म्हणाले, त्यांना एकट्या फिरू देऊ नका, पडतील. मग काय करायचं होतं? खुर्चीला बांधायचं आईला? मला नसतं बघवलं ते. हे कसं… तिला कळलंसुद्धा नाही. ऑफिसचा स्टेपलर होता घरी, अर्ध्या तासाचं काम." मग म्हणाले, "शैलाला पण नाही सांगितलं. उगाच रडली असती."

"भाऊजी, ताईची पाठ गेली त्यांना उठवून उठवून."

"हो ना. करायची बिचारी खूप आईचं."

मी वळून बघितलं तर ताई दारात उभी होती. हातात पुसायचं फडकं. तिने सगळं ऐकलेलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नवीन नव्हतं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "पिना बघितल्या ना, तेव्हाच. ह्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये अजून डबी आहे."

"मग बोलली का नाहीस? मी एवढं वाट्टेल ते बोलत होतो…"

"काय बोलणार होते? ह्यांचं नाव घेऊ, तुझ्यापुढे, सुनीतापुढे?" तिने फडक्याची घडी केली. "आणि तू बस म्हणालास. मी बसले."

भाऊजी गुडघ्यांवर हात टेकून सहज उठले. म्हणाले, "शैला, चहा टाक गं नंदूला. उभीच आहेस."

त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की भाऊजींना त्या सीटवर बसवायचं. तुम्ही मला काहीही म्हणा. मी तोवर सोफा भंगारात दिला नव्हता, नुसता चादर टाकून ठेवलेला. सीट रोज मोजत होतो, रोज तेरा इंच. माझं साधं लॉजिक होतं. त्या सीटला जो हिशोब हवाय तो चुकीच्या माणसाकडून घेतला गेलाय. बरोबर माणूस आणून दिला की ताई सुटेल. नारळ फोडायला निघालेल्या ऑपरेटरांना हसणारा मी… शेवटी हेच करायला निघालो.

सुनीताच्या वाढदिवसाचं निमित्त काढून दोघांना दुपारी जेवायला बोलावलं. ताई आत आल्यापासून फ्रिजला पाठ लावून उभी. सुनीताने खुर्ची आणली तर म्हणाली, "नको गं, राहू दे." मी चादर काढली आणि भाऊजींना म्हटलं, "या ना, इकडे कोपऱ्यात बसा, पंखा लागतो."

ते बसले. मी समोर बसलो. ताई त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती देव जाणे. भाऊजींनी जेवणाचं ताट तिथेच मागून घेतलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, दोन वाट्या श्रीखंड. राजकारणावर बोलले. बडीशेप खाल्ली. तासभर झाला. आणि मग फोन वाजला तसे ते उठले. हात न टेकता. गॅलरीत जाऊन फोनवर बोलून आले आणि परत तिथेच बसले.

"छान दुरुस्त केलायस रे नंदू. एकदम घट्ट."

ते गेल्यावर मी टेप घेतली. अठरा इंच.

त्या दिवसापासून सीट पुन्हा खाली गेलेली नाही. सुनीता बसते, पाहुणे बसतात, पोरं उड्या मारतात. प्लाय काढून टाकला, नुसत्या नवारीवर आहे. अठरा म्हणजे अठरा. बदललं ते एवढंच. ताई होती तशीच आहे.

मी तिची माफी मागितलीय. तिने लगेच दिली, जशी ती सगळ्यांना सगळं देते. ठाण्यातल्या देवीला तिच्यातर्फे सुनीताने ओटी भरली. कोणी म्हणतं, माईंचं श्राद्ध नीट झालं नाही. कोणी म्हणतं, ताईच्या मनात अपराधीपणा बसलाय, शरीर तो पाळतंय. पण अपराध तिचा नव्हताच. मग सुनीताला त्या दुपारी काय झालं होतं? आणि मला काहीच का झालं नाही? सुनीताचं आपलं एक म्हणणं आहे. माईंना त्या घरात ओळखीचा असा एकच हात होता, तोच त्यांनी धरला. मला हे पटत नाही. पटलं तर मी झोपू शकणार नाही. माझ्याकडे दोन मापं आहेत आणि एक बहीण आहे, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध कसा लावायचा ते मला कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही.

हे आज लिहायचं कारण परवाचा फोन. दुपारचे साडेतीन वाजले असतील. ताई आवाज बारीक करून बोलत होती.

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"पार्किंगमध्ये. बाजारातून आलो आत्ताच. गाडीत बसलेय."

"आणि भाऊजी?"

"वर गेलेत. बाथरूमला घाई होती. लगेच येतो म्हणालेत, मग उतरेन." मग म्हणाली, "तोवर बोल ना माझ्याशी काहीतरी."

मी बोलत राहिलो. सुनीताचं, भाचीच्या मुलाचं, आमच्या सोसायटीच्या पाण्याचं. मध्येच भाऊजींना दुसऱ्या फोनवरून लावून बघितला. त्यांनी उचलला नाही. वॉचमनला हाक मार म्हटलं, तर ताई म्हणाली, नको रे, लोक काय म्हणतील, येतीलच ते. गाडीत उकडत होतं तिला, मधून मधून तोंड पुसत असावी. चाळीस मिनिटं झाल्यावर ती म्हणाली, "नंदू, बॅटरी जाईल बहुतेक," आणि फोन बंद झाला. भाऊजी तिला उतरवायला खाली आले ते सहा वाजता, पेपर वाचता वाचता विसरलो म्हणाले.